निदानरेषा

खोकला आधी सुमेरचा. पाटण्याहून परत येताना,
बसच्या मागच्या सीटवर.
आम्ही म्हटलं, डिसेंबर आहे,
नाशिकची थंडी बाहेरच्याला लागतेच.
मग केदा भोयेचा. तो तर इथलाच, सुरगाण्याचा.
म्हटलं, मॅटची धूळ.
निकम सर म्हणाले, अडुळसा घ्या, आणि सकाळी
पांडवलेण्याच्या पायऱ्या नेहमीसारख्याच.

पायऱ्यांवर मी सहावा आलो. नेहमी दुसरा असतो.

संध्याकाळी हिरावाडीत सराव. डावीकडून चढाई.
मध्यरेषा सोडली, कबड्डी कबड्डी,
फिरोज पिंजारी कोपऱ्यात वाकलेला, पंजे उघडे,
निदानरेषेवर पाय टेकला, कबड्डी कब
आणि छातीतून कुणीतरी दोर ओढला.
एकामागून एक, एकामागून एक,
मध्ये श्वास शिरायला फटच नाही,
शेवटी आत जाताना हवाच
कोंबड्यासारखी आरवली.
शिट्टी वाजली. दम तुटला. बाद.
फिरोजनं मला हातसुद्धा लावला नव्हता.

डांग्या खोकला, डॉक्टर अहिरे म्हणाल्या.
आम्ही हसलो. ऐंशी-ऐंशी किलोचे सात जण
आणि पाळण्यातला आजार!
त्या हसल्या नाहीत. लहानपणीची लस
विरत जाते म्हणाल्या, मोठेपणी पुन्हा टोचून घ्यायची असते.
शेवटची कधी घेतलीत?

सात जणांनी सात आयांना फोन लावले.
फिरोजच्या अम्मीकडे कार्ड होतं, रेशनकार्डाच्या प्लास्टिकमध्ये,
तीन शिक्के, चौथा पुसट.
सुमेरची आई आधी जेवलास का तेच विचारत राहिली.
माझी म्हणाली, पाड्यावर बाई यायची रे पेटी घेऊन,
तू आंब्यावर चढून बसायचास,
ती गेल्याशिवाय उतरायचा नाहीस.
म्हणजे चढाई तेव्हापासूनची.

लिलावाआधी माझ्या उजव्या गुडघ्याचे चार फोटो काढले होते.
खांदा फिरवून पाहिला, चरबी चिमट्यात धरून मोजली,
घोट्याच्या जुन्या दुखापतीची फाईल तर पोथीएवढी.
कुठल्या कंपनीचे बूट घालायचे, तेही करारात आहे.
हे कुणी विचारलं नाही.
मीही नाही.

केदाला मुलगी झाली होती, एकवीस दिवसांची.
रविवारी तो गावी जाऊन आला.
खोकला होताच, थोडासा.
तिचं टाळू हुंगलं, म्हणाला.

लोण म्हणजे काय, आम्हाला कुणी शिकवायला नको.
समोरचा अख्खा संघ बाद केला की दोन गुण जादा.
पण हे लोण मॅटवरून उतरून
घाट चढून गेलं होतं,
आम्ही लेण्याच्या पायऱ्या मोजत असताना.

पाच दिवस खोल्या बंद. गोळ्या. ताटं दाराबाहेर.
थविल सिस्टर निळी पेटी घेऊन हॉस्टेलवर आल्या,
जे अजून खोकत नव्हते त्यांच्यासाठी,
स्वयंपाकी, बसचा ड्रायव्हर, निकम सरांसकट.
इर्शाद, ज्याच्या मिठीतून या हंगामात तीनच जण सुटलेत,
डोळे घट्ट मिटून बसला.
दंड सैल सोडा, सिस्टर म्हणाल्या, मी पकड करत नाहीये.
सर बाही वर सारताना काहीतरी बोलले, अडुळशाबद्दल.
दाराच्या फटीतून नीट ऐकू आलं नाही.

केदा सिव्हिलच्या काचेबाहेर उभा राहायचा.
ती निळी पडायची, मग पुन्हा गुलाबी व्हायची.
मध्ये किती सेकंद, हे त्याला पाठ झालं होतं,
तीस सेकंदांत जाऊन परत येणाऱ्या माणसाला.

याला शंभर दिवसांचा खोकला म्हणतात.
माझा आज एकसष्टावा.
हंगाम संपला, आम्ही शेवटून दुसरे.
रात्री केदाचा फोन आला. बोलला काहीच नाही,
नुसता फोन पुढे धरला.
ती रडत होती. भुकेनं असावी.
एकच सूर, न तुटता, लांबत, लांबत,
आमच्यात कुणाचाच नाही एवढा दम.
मी उशीत तोंड खुपसून माझा खोकला दाबून धरला,
ती कुठे थांबते ते ऐकायला.