कानाने निवडलेली खोली

त्या वर्षी लोकरीला बरा भाव आला
आणि बाबा जेवता जेवता म्हणाले,
जुलैत सगळे ब्वेनोस आइरेसला जाऊ.
आईच्या हातातला पाव हातातच राहिला.
मग तिने पहिलं विचारलं ते हे : "उतरायचं कुठे?"

आमच्या पठारावर हा प्रश्न कोणाला पडत नाही.
इथे कोणी आलाच, तर त्याला वाऱ्यानेच ढकलत आणलेलं असतं
आणि जे दार आधी लागेल, ते त्याचं.

टेबलावर लोकरीची पावती, उलटी.
फाबियानने तिच्यावर शहर काढलं :
एक नदी, एक स्टेशन,
मधे पुष्कळ कोरी जागा.
बाबांचं बोट गेलं ते थेट बसअड्ड्याशेजारी.
पळून यायची वाट जवळ असलेली बरी,
असं आई म्हणाली. ते हसले नाहीत.
आईला टब हवा होता.
एकदाच, गळ्यापर्यंत पाणी, आणि दाराला आतून कडी.
फाबियानला लिफ्ट हवी होती,
मजला कुठलाही चालेल.
मला काय हवं ते कोणी विचारलं नाही,
विचारलं असतं तर सांगताही आलं नसतं.

आत्या राहायची आवेशानेदाला :
दोन खोल्या, चार मुलं, एक तापट नवरा.
तिचं पत्र आलं, या ना, जमिनीवर जागा आहे.
आईने ते दोनदा वाचलं, घडी घातली
आणि साखरेच्या डब्याखाली सरकवलं.
विषय संपला.

मेंढ्यांची औषधं विकायला येणाऱ्या माणसाने
सिगारेटच्या पाकिटावर तीन नंबर लिहून दिले.
सोसायटीच्या कचेरीत एकच फोन,
आम्ही चौघं आंघोळी करून गेलो.
पहिल्याने भाव सांगितला. बाबांनी रिसीव्हर जपून खाली ठेवला,
आदळला तर त्याचेही पैसे पडतील असा.
दुसऱ्याने विचारलं, "कुठून?"
आणि मग पुन्हा, "कुठून?"
तिसरा नंबर दोन्या आस्सुन्ता नावाच्या बाईंचा.
टब नाही, म्हणाल्या.
लिफ्ट आहे, पण मंगळवारपासून बंद आहे.
कुठल्या मंगळवारपासून, ते बोलल्या नाहीत.
बाबांनी घसा खाकरला :
"गोंगाट फार असतो का हो?"
"ऐका," त्या म्हणाल्या,
आणि खिडकी उघडल्याचा आवाज आला.

एका रिसीव्हरभोवती आमची चार डोकी.
आधी नुसती खरखर. मग एक बस. एक शिट्टी.
कुठेतरी भांडं पडलं, कुत्रं भुंकलं,
आणि कोणीतरी हाक मारत होतं,
मार्ता, ए मार्ता, अगं मार्ता,
आम्ही श्वास धरून उभे,
मिनिटाचे पैसे चढतायत,
आणि लांबून, जिन्यातून असावी, एक मुलगी ओरडली :
"आले!"

आईने कान काढला.
"आली बाई एकदाची," ती म्हणाली. "हीच घ्या."

सव्वीस तास बस. मग तीन मजले जिना,
मंगळवार अजून चालूच होता.
रात्री दिवा मालवला आणि कोणालाच झोप येईना.
खाली शहर बोलत होतं, पण ते कारण नव्हे.
"छप्पर हलत नाहीये," अंधारात फाबियान म्हणाला.
खरंच की.
पत्रा वाजत नव्हता,
दाराच्या फटीतून कोणी शीळ घालत नव्हतं.
चौघंही निपचित पडून
जे नव्हतं ते ऐकत राहिलो.

बाबा उठले. भिंत चाचपडत गेले.
भर हिवाळ्यात छताचा पंखा, पाचावर.
पडदा उडाला, पावती उडाली,
फाबियानचं शहर कपाटाखाली गेलं.
आम्ही ब्लँकेटं नाकापर्यंत ओढून घेतली
आणि थोड्या वेळाने बाबा घोरू लागले.

सकाळी दोन्या आस्सुन्ता दारात, कमरेवर हात :
"रात्रभर पंखा? या थंडीत?"
आईने केस बांधता बांधता
तिच्याकडे न बघताच सांगितलं,
"उकडत होतं."