बावीस लंगोट

पहाटे सव्वापाचला मी घंटागाडी काढतो.
अमळनेरच्या गल्लीबोळांतून तीच धून वाजत जाते,
लोक पिशव्या आणून देतात
तोंड दुसरीकडे करून.

ओला वेगळा, सुका वेगळा,
रोज सांगतो, घसा बसेपर्यंत.
पण एक तिसराच असतो, त्याला डबा नाही.
गोल गुंडाळलेला, पांढरा, चिकटपट्टीने बंद,
हातात घ्यावा तर कणकेच्या गोळ्यासारखा जड.
कुठल्या घरी बाळ आलं
हे मला बारशाच्या आवतणाआधी कळतं.

डेपोवर गेल्या वर्षीचे अजून तसेच आहेत.
केळीची सालं गेली, पुठ्ठे गेले,
पोळ्याला मेलेला कुणाचा तरी बैल
तोही मातीत गेला.
हे नाही गेले.

मनस्वी झाली चैत्रात.
तरी आणलाच की मी पण मोठा पुडा!
वरच्या चित्रातलं बाळ गोरंपान, हसरं,
आमच्यापैकी कुणासारखंच नाही.
चव्वेचाळीस डिग्री. पंखा गरम वारा
या भिंतीवरून त्या भिंतीवर ढकलतोय,
आणि पोरीच्या जांघेत लाल पुरळ,
मिरची कुटल्या हाताने कुणी धरावं तसं.
ती रडायची, मग थकून नुसती कण्हायची.
ते कण्हणं वाईट.

भिंतीपलीकडून हमीदाखाला म्हणाली,
शिलाई मशीन न थांबवता,
"पोरले वारा लागू दे रे भाऊ.
आपलं ऊन फुकटनं शे, वापर ना!"

मग ट्रंक उघडली.
वडिलांची दोन धोतरं होती,
गिरणी बंद झाली त्या वर्षी घेतलेली,
धुऊन धुऊन सायीसारखी झालेली.
मी कात्री धरून बराच वेळ बसलो.
शेवटी योजनानेच कापली.
खालाने कडा दुमडून दिल्या, पैसे घेतले नाहीत,
मोजून बावीस झाले.
नातीला त्यांनी पाहिलं नाही.
आता ती त्यांच्यावर मुतते, दिवसाला अकरा वेळा.

गच्चीच्या दोरीवर बारा मिनिटं.
खोटं नाही, घड्याळ लावून बघितलं.
ज्या उन्हाला जन्मभर शिव्या दिल्या
ते आमच्याकडे बिनपगारी कामाला आहे.
पाचव्या दिवशी पोरीचं अंग
सोललेल्या बदामासारखं.

पण सगळं असं सोपं नाही.
नळ सहाव्या दिवशी येतो.
योजना बादल्यांचा हिशोब भिंतीवर कोळशाने लिहिते:
पहिलं पाणी शेवग्याला,
रिठ्याचं मोरीत ओतायला,
शेवटचं जरा निवळ, ते ओट्यावर शिंपडायला.
एकदा मी कौतुकाने म्हणालो,
"बघ, आपला कचराच नाही."
ती म्हणाली, "कचरा नाही, कारण माझी कंबर आहे."
त्या रात्रीपासून लंगोट मी धुतो.
डेपोचा वास हातावरून जात नव्हता कधी,
रिठ्याने जातो.

मागच्या आठवड्यात धुळ्याला लग्न होतं.
एसटीत दोन तास, पोरगी मांडीवर,
पुड्यातला उरलेला एक बांधला.
काय करणार.
सोमवारी गाडी आमच्या गल्लीत आली.
योजनाने दारातून पिशवी दिली,
तोंड दुसरीकडे करून.

मी काही बोललो नाही. पिशवी आत टाकली.
हलकी नव्हती.
ती तिथे असेल, मनस्वीच्या लग्नात,
तिच्या लेकरांच्या बारशाला,
शेवगा वाळून गेल्यावरसुद्धा.

धून चालू केली, पुढे निघालो.
आरशात गच्ची दिसत होती.
वडील दोरीवर हलत होते,
एकवीस तुकड्यांत.
बाविसावा तिच्या अंगावर होता.