पिवळी वीट

पुलगावच्या स्टँडमागे माझं दुकान.
शटर पाऊण वर जातं, पाव गंजून अडकलंय.
मंदाबाई वरवाडे वाकून आत आल्या तेव्हा दुपारचे अडीच.
पदराच्या गाठीत फोन, फोनच्या फटींत भट्टीची राख.
"बँकेचं ॲप म्हन्ते, फोन जुना झाला.
फोन म्हन्ते, मी हाय तसाच हाय.
तूच सांग बापू, कोनाचं ऐकू?"

कंपनीनं तीन वर्षांपूर्वीच या फोनचा हात सोडला होता.
पण कुठल्याशा देशात कुणीतरी रात्री जागून
त्याच्या मापाचं नवं सॉफ्टवेअर शिवून ठेवलं होतं, फुकट.
खाली बारीक अक्षरांत:
बिघडलं तर माझ्याकडे येऊ नका.
ते मी वाचलं. म्हणजे बोटानं वर सरकवलं,
आणि 'मान्य' दाबलं.
फोन त्यांचा, मान्य माझं.

एकसष्ट टक्क्यांवर लाईट गेली.
पंखा थांबला, लॅपटॉपही गेला,
त्याची बॅटरी गणपतीपासूनच मेलेली.
लाईट आली. फोन आला नाही.

आमच्या धंद्यात अशा फोनला वीट म्हणतात.
सवयीनं तोच शब्द तोंडातून गेला.
त्या हसल्या नाहीत.
"वीट मले नको शिकवू. वीट कामाची असते."

मग सांगितलं काय होतं आत.
बावीस जोड्यांची मोजणी, दिवाळीपासूनची.
रोज संध्याकाळी भिंतीवरच्या कोळशाच्या रेघांचा फोटो,
सकाळी भिंत पुसून पुन्हा पहिली रेघ.
उचल किती, थापल्या किती, कुणाचं पोर तापलं म्हणून खाडा किती,
सगळं त्या काळ्या काचेमागे.

मी म्हणालो, लाईट.
म्हणालो, कंपनी.
म्हणालो, तुमच्या भाच्यानंच तर पाठवलं माझ्याकडे.
आणि तो परदेशातला, ज्याचं नावही मला वाचता येत नव्हतं,
त्यालाही घेतलं ओढून.

त्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या,
"भट्टी कच्ची निंगाली का आमच्यातबी असंच.
मातीवाला म्हन्ते कोंडा ओला,
कोंड्यावाला म्हन्ते वारा फिरला,
वाऱ्याले तं तोंडच नाही.
माहा सासरा बोलत नसे.
एक पिवळी वीट काढे,
अन् ज्यानं आग लावली
त्याच्या दारापाशी ठेवून येई."

रात्री फाईलचं नाव पुन्हा उघडलं.
शेवटी एक अक्षर जास्त होतं.
ती या फोनची नव्हतीच, याच्या धाकट्या भावाची होती.
लाईट राहिली असती तरी फोन गेलाच असता,
जरा सावकाश, शंभर टक्के होऊन.
आणि ते अक्षर दुपारीच दिसलं होतं मला.
वाटलं, चालून जाईल.
बाहेर दोन गिऱ्हाईकं उभी होती.

सकाळी नदीकाठी भट्टीवर गेलो आणि सांगितलं.
मंदाबाई कोंडा चाळत होत्या. चाळतच राहिल्या.
मग कोळशाचा तुकडा दिला. "मोज."

दोन दिवस मोजत होतो.
कोळसा संपला की नवा मिळे.
प्रत्येक जोडीची खूण वेगळी, कच्च्या विटेवर दाबलेली:
कुणाचा अंगठा, कुणाची बांगडी,
एका पोरीनं तर बाभळीचा काटा.
विकलेल्यांच्या पावत्या ट्रॅक्टरवाल्याकडून आणल्या.
जोड्यांनी आपापले आकडे तोंडी सांगितले,
आणि ज्यांच्यावर मी मनात संशय घेतला
त्यांनीच कमी सांगितले.

तरी अकराशे चाळीस विटांचा मेळ लागेना.
ऊन कलत होतं. मंदाबाई भिंतीपाशी उभ्या राहिल्या.
"ह्या कोनाच्या नावावर मांडू?"
कोळसा माझ्याच हातात होता.
मी लिहिलं. त्यांनी लांबून वाचलं, मान हलवली,
सांडलेला कोंडा पायानं सारला.

"अन् थे तीनशे रुपये," जाताना म्हणाल्या,
"थे वापस कर.
थे अलग."