सातव्या रस्त्यावरचा ढीग

ओंटारियोच्या नकाशात तीन टाउनशिपची एक झाली.
नाव शोधायला एकवीस जणांची समिती बसली,
भांडली, आणि शेवटी नदीचंच नाव दिलं.
नदीला कुणी विचारलं नाही.

माझं काम तेच. ट्रक, पुढे पातं,
पहाटे चारला सातव्या रस्त्यावरचा बर्फ.
फक्त डेल्बर्टच्या कोठारापाशी आता वळायचं नाही,
सरळ जायचं.

तिथं शीव होती.
इकडून मी यायचो, तिकडून लॉर्न मकेग,
दोन पाती हातभर अंतरावर थांबायची,
मधे कुणाच्याच हद्दीत नसलेला ढीग.
त्यावर थर्मास टेकवून कॉफी प्यायचो,
तो त्यांच्या सरपंचाला शिव्या द्यायचा, मी आमच्या.
आता सरपंच एकच. शिव्या देणाराही.

हिशेबात ट्रक जास्त निघाले, माणसंही.
लॉर्न मुलीकडे असतो, शहरात,
तिच्या दारातला बर्फ फावड्यानं ओढतो म्हणे.

मेन स्ट्रीटही तीन निघाले.
अँब्युलन्स चुकेल म्हणून दोघांची नावं बदलली.
व्हर्ना टकेट अजून जुन्याच पत्त्यावर पत्रं मागवते.
येतात.

परवा कार्यालयातून चिठ्ठी आली:
कोठाराजवळ दर वेळी
रस्त्याच्या मधोमध बर्फ राहतो, तक्रार आहे, खुलासा करावा.

खरं आहे. तिथं आलो की
हात आपोआप पातं उचलतो,
आणि मी त्याला उचलू देतो.

खुलासा लिहिला:
ट्रक जुना आहे. पातं अडकतं.