पालक

जूनमध्ये शाळेने नंबर मागितला,
ज्या पालकाकडे ॲप चालेल त्याचा.
बाबा मालप्याला ट्रॉलरवर,
आईचा फोन बटणांचा, त्यातला पाचचा आकडा दबत नाही.
म्हणून माझं नाव गेलं:
विद्यार्थी दुर्वांक कुबल, आठवी ब.
पालक हर्षाली कुबल.
वय कुणी विचारलं नाही. एकवीस.
आई म्हणाली, "पालक म्हणजे ती भाजी मगे?"
आणि त्या दिवसापासून घरात मी भाजी झाले.

पहिला आठवडा फोन सारखा थरथरायचा
एप्रनच्या खिशात.
गणित, सराव संच, बाकी.
हिंदी सुलेखन, बाकी.
यंत्राचा दांडा ओढायचा, बी फोडायची,
गर पलीकडे, टरफल अलीकडे,
किलोवर पैसे, आणि मध्येच कुणीतरी कुजबुजणार: बाकी.
रोझलीनबाय म्हणाली,
"कोण गो तुझी एवढी आठवण काढता?"
म्हटलं, शाळा.

जेवणाच्या सुटीत फॅक्टरीमागे जाते,
टरफलांच्या ढिगापाशी.
तिथे दोन दांड्या रेंज मिळते,
वारा समुद्राकडून असला तर तीन,
असं आम्ही सगळ्याच मानतो.
फोन माझं बोट ओळखत नाही.
काजूच्या तेलाने कातडी सोलवटते, ठसा जातो,
राख लावा, खोबरेल लावा, तरी जातोच.
पुन्हा प्रयत्न करा, म्हणतो.
पुन्हा प्रयत्न करा.
मग हरून आकडे मागतो.
माझ्या बारावीच्या बैठक क्रमांकातले शेवटचे चार,
ते अजून कुठेतरी लागतात याचं बरं वाटतं.

ॲपमध्ये पालकाला फार काही करता येत नाही.
काम जोडता येत नाही, खोडता येत नाही.
प्रत्येक कामाखाली एकच बटण:
पाहिले.

दुर्वांक संध्याकाळी वहीचे फोटो काढून पाठवतो.
कधी कोपऱ्यात सुक्या बांगड्याचं शेपूट येतं,
कधी नुसताच त्याचा अंगठा, आणि तोही जमा होतो.
भूगोलाच्या नकाशात त्याने मालपे एवढं मोठं काढलं
की कारवार मावलंच नाही.
सरांनी लिहिलं, प्रमाणाकडे लक्ष द्यावे.
मी दाबलं, पाहिले.

डिसेंबरात विज्ञान.
घरात आढळणारी पाच आम्लं शोधा. फोटो जोडा.
एक, आमसुलं.
दोन, चिंच.
तीन, ताक.
चार, बिंबलं, शेजारच्यांची.
पाच, ताईची बोटं.

फोटो होता.
मी झोपलेली, हात चटईबाहेर,
बोटाखाली लिटमसची निळी पट्टी,
टोकाला लालसर झालेली,
की बल्बच्या उजेडात तशी दिसणारी, कोण जाणे.
एवढा जवळ बसून त्याने फोटो काढला
आणि मला जाग आली नाही.

खाली सरांचा शेरा:
क्र. ५ ही वस्तू नाही. दुरुस्त करून पुन्हा जमा करा.
सरांचंही बरोबर आहे.
डबा तसाच परत नेला.

रात्री मी विषय काढला नाही.
तोच म्हणाला, भातात कालवण ओतता ओतता,
"ताये, पाचव्याच्या जागेर काय लिवू?"
"काजीचा तेल लिव."
"तुका कसा कळला?"
"पालक आसंय मगे मी."
आई हसली. तो नाही हसला.
ताटातल्या भाताला बोटांनी आळं करत बसला.

सकाळी हिरवी खूण आली, पाचपैकी पाच.
पण जुनी नोंद ॲपमधून जात नाही,
राखाडी अक्षरांत मागे राहते,
आणि तिच्याखालीही ते बटण आहे.
ते मी दाबलेलं नाही.

आता रोज दुपारी अडीचला खिसा थरथरतो:
पालकांनी एक नोंद पाहिलेली नाही.
दांडा ओढते, बी फोडते.
रोझलीनबाय मान वर न करता विचारते,
"शाळा?"
"होय," म्हणते मी. "एक बाकी आसा."