पन्नास क्विंटल डाळ

दुपारची पंगत उरकून पोरं क्लासला पळाली
तेव्हा सुमेध आला, टाय सैल करत.
म्हटलं, बस, येसराची आमटी उरलीय.
तो म्हणाला, मावशी, आज जेवायला नाही आलो,
आणि जेवला.

मग ताट सारून तीन कागद मांडले.
हे फुकटातलं, दीडशे रुपयाला एक पॉइंट.
हे पेट्रोलचं. ते तुमच्या लुनाला काय करायचंय, सोडा.
आणि हे विमानाचं:
वर्षाला अडीच हजार फी,
शंभर रुपयाला दोन पॉइंट,
विमानतळावर लाउंजमध्ये जेवण फुकट.

फुकट म्हणजे किती पातळ असती आमटी?
तो हसला. मी खरंच विचारत होते.

बावीस वर्षं मेस चालवतेय औसा रोडच्या मागं,
सध्या एकशे चाळीस पोरं,
एकवेळ, दोनवेळ, रविवारी गोड.
या बाकड्यांवरून डॉक्टर किती उठले ते मोजलं नाही.
जे झाले नाहीत ते मोजता येतात,
ते परत येतात, सुमेधसारखे,
काहीतरी विकत.

पावतीबुकाच्या पाठीवर हिशेब केला.
गॅसला पॉइंट नाहीत.
टँकरवाला रोख, भाजी रोख,
भाकरी थापणाऱ्या चौघी रोख, आणि ते रास्तच.
उरला किराणा, महिन्याला नव्वद हजार.
म्हणजे अठराशे पॉइंट.
हैदराबादहून दिब्रुगडचं एक तिकीट, चौदा हजार.
आठ महिने.
म्हणजे सात लाखांचा माल.
नुसती तूर धरली तर पन्नास क्विंटल,
निवडून, धुऊन, शिजवून, घोटून
एक खुर्ची.

आणि परत यायचं?
सुमेध म्हणाला, अजून आठ महिने.

दिब्रुगड, कारण निलोफर तिथं शिकायलीय.
दोन वर्षं याच खांबापाशी बसायची, पुस्तकावर भाकरी ठेवून.
परवा फोनवर म्हणाली,
मावशी, इथं नुसता भात हो, दोन्ही वेळा.
मी म्हटलं, पाठवते पीठ.
ती म्हणाली, पीठ नको. थापायचं कुणी?

लातुरातून बसायचं विमान नाही.
रात्रीच्या गाडीनं हैदराबाद गाठायचं,
पहाटे लाउंजमध्ये बसून
दुसऱ्याच्या हातचं जेवायचं.
बावीस वर्षांत ते कितीदा झालं?
मी तेवढ्यावरच अडीच हजारांचं घेतलं असतं,
त्याला मात्र तसं सांगितलं नाही.
म्हटलं, फी कमी कर.
तो म्हणाला, बँक आहे मावशी, मेस नाही.

फॉर्मवर त्यानं धंद्याच्या जागी गृहिणी लिहिलं.
खोड, म्हटलं.
त्यानं खोडलं, वर बारीक सही घेतली.
मग नाव. एकोणीस अक्षरांच्या आत बसवा, इंग्रजीत.
चंद्रकला व्यंकटराव बिडवे काही बसेना.
हे डबे बांधत होते, मागं न बघता म्हणाले,
मधलं काढा की,
मी काय विमानात बसायलोय?
हसले का चिडले, पाठीवरून कळलं नाही.

मोबाइलमध्ये बघून सुमेध म्हणाला,
तुमचा सिबिल सातशे एकोणनव्वद, एक नंबर.
माझ्याही कपाटात एक वही आहे.
तीत त्याचा तीन वर्षांपूर्वीचा मार्च अजून कोरा आहे,
रिझल्ट लागला तो महिना.
त्याला ते ठाऊक आहे. मलाही.
म्हटलं, ताक घे अजून.

कार्ड आलं. गंज गोलाईत गेले.
तेलाचे तीन डबे, सहा हजार चारशे.
झुंबरशेठनं आधी कार्ड उलटंसुलटं केलं,
मग मशीन. रेंज नव्हती.
पायरीवर आले, हात वर करून
मशीन आभाळाला दाखवत उभे राहिले,
हमालही थांबून वर बघायला लागला.
बराच वेळ काही नाही.
मग कर्रर्र करत चिठ्ठी आली.

एकशे अठ्ठावीस, मी मनात म्हटलं,
आणि डबे रिक्षात ठेवताना
झाकणं नीट बसलीत का बघितलं.