झाकण

वर्कशॉपच्या किल्ल्या माझ्याकडे असतात.
लाहतीच्या या डिझाइन शाळेत एकवीस वर्षं
मी करवतींना धार लावतो, भुसा झाडतो
आणि कुणाचं बोट कुठे चाललंय यावर नजर ठेवतो.
माझी दोन गेली, म्हणून मला ते आधी दिसतं.

हेल्का आली तेव्हा तिला सगळंच व्हायचं होतं.
सप्टेंबरात पोस्टर. लालभडक, एवढं थोरलं
की लिफ्टमध्ये मावेना.
नोव्हेंबरात खुर्ची. देखणी.
तिच्यात बसलेल्याला उठवायला दोघे लागले.
म्हटलं, पोरी, बर्च आहे हा, कागद नव्हे,
रेषा कुठल्या अंगाने चालल्यात ते आधी लाकडाला विचार.
ती हसली. विचारलं नाही.

दुसऱ्या वर्षी काचकाम, कापडछपाई,
मग अक्षरांचा कोर्स:
आमच्या अक्षरांवर दोन ठिपके असतात,
ते जवळ हवेत की लांब,
एवढ्यासाठी महिनाभर झोप उडाली तिची.
बाकीच्यांना वाट सापडत होती.
इस्मो मोटारींकडे वळला, लेम्पी खेळण्यांकडे.
हेल्काच्या वहीत दर पानाला नवं गाव,
मुक्काम कुठेच नाही.
तोइवोनेन बाईंनी तोंडावर सांगितलं,
हात चांगला आहे तुझा,
पण तो कुणासाठी आहे, ते तुला ठाऊक नाही.
त्या संध्याकाळी ती येऊन नुसती भुसा झाडत राहिली.
झालेली जागा पुन्हा झाडली.
मी झाडू काढून घेतला नाही.

तिसऱ्या वर्षाचा डिसेंबर. तीन वाजताच दिवे.
पॅकेजिंगचा कोर्स, कुणालाच नको असलेला:
खोकी, पिशव्या, माणूस फाडून फेकतो ते सगळं.
मी कॉफीची पिशवी दातांनी उघडत होतो, रोजच्यासारखी.
ती दारात.
"पुन्हा एकदा कराल?"
मी काय सर्कशीतलं अस्वल आहे?
म्हटलं, चालती हो.
चालती झाली.
दुसऱ्या दिवशी आली ती उजव्या हाताची दोन बोटं
चिकटपट्टीने तळव्याशी बांधून.

आठवडाभर तशीच वावरली.
लोण्याचा डबा, खोकल्याचं औषध, हेरिंगची बरणी.
जे उघडेना, ते तिने काढलं:
अंगठा कुठे पांढरा पडतो,
मनगट कुठे हार मानतं,
आणि माणूस हळूच इकडेतिकडे बघतो,
कुणी पाहत तर नाही ना, तो क्षण.
त्या पानावर मी वही मिटली.
मग पुन्हा उघडली.
चेहरा माझा नव्हता. मान माझी होती.

त्यानंतर झाकणं.
मोजली नाहीत; पोती मोजली भुशाची, सात भरली.
कडा जाड, कडा पातळ, एकाला कान, एकाला खाच.
मला विचारायची, इथे बोट बसतं का?
मी सांगायचो, कुठलं? असलेलं की नसलेलं?
आताशा ती लाकडालाही विचारत होती.
तोइवोनेन बाई म्हणाल्या, विषय फार लहान आहे.
"हो," हेल्का म्हणाली, "तळहाताएवढा."

शेवटच्या प्रदर्शनात गर्दी इस्मोच्या मोटारीभोवती.
बक्षीसही तिलाच.
हिच्या टेबलावर नऊ बरण्या अन् एक पाटी: उघडून बघा.
एक बाई आली, लोकरीचे हातमोजे न काढताच
झाकण फिरवलं, आत वाकून पाहिलं,
बरणी रिकामी म्हणून जराशी खट्टू झाली
आणि निघून गेली.
उघडताना तिला काही जाणवलंच नव्हतं.
हेल्काने माझा दंड एवढा आवळला
की वळ उठला.

आता ती ताम्पेरेला असते, दुधाच्या खोक्यांच्या कारखान्यात.
एका कोपऱ्यावर वर्ष गेलं, असं लिहिते.
तक्रार वाटत नाही.
एक बरणी मला ठेवून गेली, तीत मी स्क्रू ठेवतो.
कॉफी अजून दातांनीच उघडतो, सवय.
पुढचा एक दात हलायला लागलाय.
तिला कळवलेलं नाही.